किनवटच्या रानातला ‘केसाळ माणूस’: खात्री कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: किनवट तालुक्यात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या दोघांना ओढ्याच्या पलीकडं दोन पायांवर उभा असलेला, अंगभर काळे केस असलेला ‘रानमाणूस’ दिसला. उजाडल्यावर त्याच जागी ओल्या मातीत माणसासारखा, पण जास्त रुंद ठसा सापडला. आता तांड्यावर यती (हिमालयातला म्हणतात तो केसाळ माणूस), बिगफूट (तसाच अमेरिकेतला) अशी नावं फिरायला लागली आहेत. असा प्राणी आपल्याकडं असू शकतो का, आणि खात्री कशी करायची?

थेट उत्तर आधी. जागा, वेळ, हंगाम आणि वर्णन हे चारही एकत्र धरलं तर ते अस्वल असण्याची शक्यता बाकी कशाहीपेक्षा खूप जास्त आहे. पण नुसतं तसं सांगून सोडून देऊ नका, तपासा. आणि त्या दोघांना वेड्यात काढू नका. अशा प्रकरणात बघणारे सहसा खोटं बोलत नाहीत. त्यांना काहीतरी खरंच दिसलेलं असतं. घोळ होतो तो अंधुक उजेडामुळं, भीतीमुळं आणि गावात पोचेपर्यंत चार जणांनी घातलेल्या भरीमुळं.

किनवट-माहूरचं रान पैनगंगेच्या काठानं विदर्भाला आणि तेलंगणाच्या जंगलाला जोडलेलं आहे. या पट्ट्यात अस्वल आहे. तिकडं गौताळा-औट्रमघाटच्या डोंगरातही आहे. पूर्ण वाढलेला नर ८० ते १४० किलोपर्यंत भरतो, मादी त्याहून हलकी असते. अस्वलाची नजर आणि कान अधू, नाक मात्र फार तिखट. वाऱ्यावर माणसाचा वास आला की नेमका कुठून येतो हे हुंगायला ते मागच्या पायांवर उभं राहतं, आणि तोंड बरोबर तुमच्याकडं करतं. त्या वेळी पाच-साडेपाच फूट उंची, पुढं लोंबणारे लांब पाय, मानेवर-खांद्यावर वाढलेले केस आणि फिकट रंगाचं मुस्कट दिसतं. झाडाआडून, झुंजूमुंजू उजेडात, ते केसांत दडलेल्या माणसाचं तोंड वाटतं. २०२३ साली चीनमधल्या हांगझो प्राणिसंग्रहालयातलं एक अस्वल दोन पायांवर उभं राहिलेलं लोकांनी व्हिडिओत बघितलं आणि ‘आत माणूस आहे’ अशी ओरड झाली. शेवटी संग्रहालयाला ते खरंच अस्वल असल्याचा खुलासा करावा लागला. भर दिवसा, कुंपणाच्या आतल्या अस्वलाबद्दल ही गत, तर मग पहाटेच्या रानाचं काय!

मोहाच्या दिवसांचं आणखी एक कारण आहे. मादी साधारण डिसेंबर-जानेवारीत कपारीत विते आणि दोन-तीन महिन्यांनी पिल्लं बाहेर काढते. म्हणजे मोह गळायला लागतो तेव्हाच ती पिल्लांना पाठीवर घेऊन फिरत असते. पिल्लं आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसतात. असं अस्वल अंधारात दिसलं तर कुबड असलेला, दोन-तीन डोक्यांचा आकार दिसतो. ‘ते अस्वल नव्हतंच, अस्वल आम्हाला कळतं’ असं सांगणाऱ्यांचं वर्णन बहुतेक वेळा इथं येऊन थांबतं.

खरं तर अस्वल कळणारी पिढीही आता कमी झाली आहे. पूर्वी दरवेशी गावोगाव अस्वल घेऊन यायचे, बाया पोरांच्या ताईतासाठी त्याचे केस मागून घ्यायच्या. लहान पोरानंही अस्वल हातभर अंतरावरून बघितलेलं असायचं. २००९ च्या सुमारास देशात ही प्रथा जवळजवळ बंद झाली. प्राण्यांच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं, पण आज विशी-पंचविशीत असलेल्या पोरानं अस्वल बघितलेलं असतं ते मोबाईलवर, तेही बहुधा परदेशातलं.

आता ठसा. एकटा ठसा कधीच पुरावा धरू नका, कारण अस्वलाचा मागचा पाय मुद्दाम फसवायला घडवल्यासारखाच आहे. त्याला टाच आहे, पाच बोटं आहेत, लांबी वीतभरापेक्षा जराशी कमी. नखं मागच्या पायाला आखूड, त्यामुळं कडक जमिनीत ती उमटतच नाहीत. फरक ओळखायची पहिली खूण म्हणजे मोठं बोट कुठल्या बाजूला आहे. माणसाचा अंगठा पावलाच्या आतल्या बाजूला असतो आणि तोच सगळ्यांत मोठा. अस्वलाचं आतलं बोट सगळ्यांत बारीक, बाहेरचं मोठं. म्हणून अस्वलाच्या उजव्या पायाचा ठसा लोक माणसाच्या डाव्या पायाचा समजतात. दुसरी खूण बोटांच्या रेषेची. माणसाची बोटं तिरक्या कमानीत उतरत जातात, या अस्वलाची जवळजवळ सरळ एका रेषेत असतात आणि मधल्या कातडीनं जोडलेली असल्यामुळं चिखलात सलग पट्टी उमटल्यासारखं दिसतं.

मग मागं-पुढं दोन्ही बाजूंना वीस-तीस पावलं माग काढा, पण ठशांच्या रेषेवरून नाही, बाजूनं चाला. कुठं ना कुठं पुढच्या पंजाचा ठसा सापडतोच. पुढच्या पायाची नखं दोन ते तीन इंच लांब, त्यांची भोकं बोटांच्या बरीच पुढं टोचलेली दिसतात, आणि पुढच्या पंजाला टाच फारशी उमटत नाही. चार पायांचा माग मिळाला की ‘दोन पायांवर चालत गेला’ हा भाग संपतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: चालताना अस्वलाचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर किंवा किंचित पुढं पडतो. दोन ठसे एकमेकांत मिसळून हातभर लांबीचं एकच पाऊल तयार होतं. ‘दीड फुटाचा पाय’ सापडल्याच्या बातम्यांमागं बहुतेक वेळा हेच असतं. अशा ठशात नीट बघितलं तर मधोमध बोटांची दुसरी ओळ सापडते.

माप घेताना ठशाच्या वरच्या कडेचं घेऊ नका, तळाचं घ्या, जिथं पायाचा भार सपाट बसलेला असतो. वाळूत कडा ढासळतात. आपल्या काळ्या मातीत तर फारच घोटाळा होतो: ओली असताना ती पायाला चिकटत जाते, दहा पावलांत पायाभोवती गोळा तयार होतो आणि प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा मोठा पडतो; वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि भेग बोटांच्या मधून गेली की पाचाची सहा बोटं दिसायला लागतात. शक्य असेल तर पांदणीच्या फुफाट्यातला किंवा ओढ्याच्या काठच्या गाळातला ठसा निवडा. हिमालयात हेच काम बर्फ करतो. उन्हानं कडा वितळल्या की ठसा पसरतो. १९५१ साली गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेल्या ज्या फोटोमुळं यती जगभर पोचला, त्यात बर्फाची कुऱ्हाड मापासाठी शेजारी ठेवलेली आहे. माप ठेवलं हे चांगलंच केलं, पण पाय मुळात केवढा होता आणि बर्फ किती पसरला हे एका फोटोवरून कुणालाच ठरवता येत नाही.

फोटो बरोबर वरून, काटकोनात काढा. शेजारी पट्टी आडवी आणि उभी दोन्ही ठेवा. पट्टी नसेल तर नाणं चालेल, चप्पल नको. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर तिरप्या उन्हात खोली कळते. भर दुपारी करायची वेळ आलीच तर ठशावर चादरीची सावली धरा आणि बॅटरी जमिनीलगत एका बाजूनं मारा. सलग सहा-आठ ठसे घ्या, प्रत्येकाशेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, आणि एका ठशाच्या टाचेपासून त्याच पायाच्या पुढच्या ठशाच्या टाचेपर्यंत अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा.

साचा घ्यायचा तर प्लास्टर ऑफ पॅरिस. एवढ्या ठशाला एक किलो प्लास्टर आणि साधारण ६०० मिली पाणी पुरतं. ठशाभोवती दोन इंच उंचीची पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी गोल लावून अर्धा इंच मातीत दाबा. ठशात पाणी साचलं असेल तर कापसानं टिपा, तळाला हात लावू नका. प्लास्टर पाण्यात भुरभुरत सोडा, पाणी प्लास्टरवर ओतू नका. नाहीतर गुठळ्या होतात. भज्याच्या पिठाइतकं सरसरीत झालं की भांडं दोन-चारदा जमिनीवर आपटून बुडबुडे काढा आणि ठशाच्या बाजूच्या जमिनीवर सोडत आत वाहू द्या. वरून थेट ओतलं की बोटांच्या कडा मोडतात, आणि नेमक्या त्याच कडा आपल्याला हव्या असतात. निम्मं ओतल्यावर दोन-तीन काड्या आडव्या टाका म्हणजे साचा उचलताना तुटत नाही. घट्ट होताना तो गरम होतो. गरमपणा जाईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, थांबा. ओल्या जमिनीत जास्त लागतो. पूर्ण कडक व्हायच्या आत पाठीवर तारीख, जागा आणि चालीची दिशा खिळ्यानं कोरा. साचा उलटा करून बघताना डावं-उजवं हमखास चुकतं, म्हणून ठसा कुठल्या पायाचा वाटतो तेही तिथंच कोरून ठेवा. मग खुरप्यानं खालच्या मातीसकट उचला आणि एक दिवस धुऊ नका. प्लास्टर बसलंच नाही, भुगा झाला, तर पिशवी उघडी राहून ओल धरलेली असते. अशी पिशवी परत वापरू नका. घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घातलं तरी असंच होतं.

बघणाऱ्यांशी बोलायचं ते दोघांशी वेगवेगळं आणि त्याच दिवशी. त्यांना आधी कुठलाही फोटो दाखवू नका, ‘अस्वलासारखं होतं का’ असंही विचारू नका. काय करत होता, कुठं वळला, किती वेळ दिसला, हे त्यांच्या शब्दांत येऊ द्या. उंचीसाठी त्यांना त्याच जागी उभं करा, पलीकडं ज्या झाडाजवळ तो दिसला तिथं एकाला फुटा-फुटावर खुणा केलेला बांबू घेऊन पाठवा, आणि ‘कुठपर्यंत होता’ ते बोटानं दाखवायला सांगा. सात-आठ फूट सांगितलेली उंची इथं सहज दीड-दोन फुटांनी उतरते. नंतर चार गोष्टी मुद्दाम विचारा: शेपूट होती का, जाताना दोन पायांवर गेला की चार, आवाज कसला आला, आणि बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागं उजेड परतवणारा थर असतो, म्हणून ते चमकतात. माणसात तो नसतो, माकडं-वानरं आणि मोठ्या कपींतही (गोरिला, चिंपांझीसारख्या बिनशेपटीच्या प्राण्यांतही) नसतो. तेव्हा डोळे निखाऱ्यासारखे चमकले असं दोघंही म्हणत असतील तर तो ‘माणसासारखा कपी’ नव्हता, हे तिथंच निकाली निघतं. आवाजाचंही तसंच. अस्वलाच्या वरच्या मधल्या दोन दातांची जागा रिकामी असते. त्या फटीतून आणि लांब ओठांतून वाळवी ओढताना घरघर-फुर्रफुर्र असा मोठा आवाज येतो, शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. आसपास वारूळ उकरलेलं, मोहाच्या खोडावर नखांचे ओरखडे, बोराच्या बिया आणि मुंग्यांचे अवशेष असलेली विष्ठा दिसली तर काम जवळजवळ झालंच.

काटेरी झुडपाला किंवा खोडाच्या सालीला केस अडकलेला असेल तर तो चिमट्यानं उचलून कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते. रानडुकराचा राठ केस टोकाला फाटलेला असतो, तो डोळ्यांनाही ओळखू येतो. डीएनएसाठी मूळ शाबूत असलेला केस उत्तम. नुसत्या केसावरूनही प्रजाती कळू शकते. पण हा केस स्वतःजवळ ठेवून घेऊ नका. अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, त्याचे अवयव बाळगल्यावरून गुन्हा होऊ शकतो. वनरक्षकाला बोलवा, पंचनामा करून त्यांच्याकडूनच नमुना हैदराबादच्या सीसीएमबीच्या लॅकोन्स प्रयोगशाळेकडं किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडं जाऊ द्या. केसांनी आजवर काय सांगितलंय तेही बघा. १९६० च्या मोहिमेत एडमंड हिलरी यांनी नेपाळमधल्या खुमजुंगच्या गोंप्यातली (बौद्ध मठातली) ‘यतीच्या डोक्याची कातडी’ तपासायला नेली, ती सेरो या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची निघाली. मेघालयातल्या गारो टेकड्यांमधल्या ‘मांदे बुरुंग’चे (तिथल्या रानमाणसाचे) म्हणून दिलेले केस २००८ मध्ये तपासले, ते गोरल या बकरीसारख्या डोंगरी प्राण्याचे निघाले. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, दात, विष्ठा असे नऊ नमुने तपासले गेले. आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा. आणि अमेरिकेत १९५८ मध्ये ब्लफ क्रीकला सापडलेल्या ज्या ठशांवरून ‘बिगफूट’ हे नाव रूढ झालं, ते आपल्या वडिलांनी लाकडी पाय वापरून केल्याचं रे वॉलेस यांच्या घरच्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये सांगितलं.

ट्रॅप कॅमेरा (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावायचा तर वनविभागाच्या परवानगीनंच, आणि पाणवठ्याच्या वाटेवर. उंची गुडघ्याएवढी, वाटेपासून तीन-चार मीटर, तोंड उत्तर किंवा दक्षिणेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात येत नाही. समोरचं गवत कापा, नाहीतर वाऱ्यानं हलून कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो तेव्हा अंगाची आणि हवेची उष्णता सारखी होते आणि सेन्सर दुपारी जनावर टिपायला चुकतो. म्हणून दुपारी फोटो नाही याचा अर्थ दुपारी कुणी आलं नाही असा काढू नका.

अस्वल नसेलच तर मग काय? मोठा वानर उभा राहिला तरी शेपूट सांगते. तरस मानेवरची आयाळ फुलवून उतरत्या पाठीनं चालतं तेव्हा विचित्र दिसतं, पण उभं राहत नाही. घोंगडीची खोळ घेऊन बसलेला मेंढपाळ अचानक उठला तर अंधारात हुबेहूब केसाळ आकार दिसतो. आणि एक शक्यता फार जपून हाताळावी लागते: घर सुटलेला, मन आजारी असलेला, जटा वाढलेला माणूस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ‘केसाळ माणूस फिरतोय’ हा मेसेज पुढं ढकलताना हे आठवा. काठ्या घेऊन रान हाकायला निघू नका; पोलीस पाटलाला सांगा आणि ग्रुपवरचे जुने, दुसरीकडचे व्हिडिओ थांबवा.

खरोखर अज्ञात कपी असण्याची शक्यता? कपीला बारमाही फळं-कोवळा पाला आणि पाणी लागतं. आपलं रान पानझडीचं. होळीनंतर साग उघडा पडतो, ओढे आटतात, आणि सगळं जनावर मोजक्या पाणवठ्यांवर येतं. तिथंच बुद्धपौर्णिमेला मचाणावरून प्रगणना होते. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून जवळपास साडेतीन कोटी फोटो मिळाले. भारतात आज कपी आहे तो ईशान्येतला हुलॉक गिबन. चीनमधला महाकाय जायगँटोपिथेकस दोन लाखांहून जास्त वर्षांपूर्वीच संपला, आणि त्याचे फक्त दात आणि जबडेच सापडलेत. एखादा प्राणी लपूनछपून मराठवाडा ओलांडू शकतो, हे मान्य. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ २०१९ मध्ये शेताशेतांतून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलाच. पण तो एकटा होता, आणि त्याचाही माग राहिला. पिढ्यान्‌पिढ्या टिकायला कळप लागतो, आणि कळपाची हाडं, विष्ठा, मेलेली पिल्लं मागं राहतात. एक दात किंवा एक हाड मिळालं तर हे उत्तर बदलायला पाहिजे. फोटो आणि ठशावर नाही.

तपास होईपर्यंत मोह गळायचा थांबणार नाही, म्हणून हे आजपासूनच पाळा. नीट उजाडल्यावरच निघा, चार-पाच जण मिळून, मोठ्यानं बोलत. अस्वल वाघासमोरही पळत नाही, अंगावर जातं. अचानक जवळ गेलं की तोंड-डोक्यावरच हल्ला करतं. खाली वाकून वेचताना एकानं उभं राहून आजूबाजूला बघायचं. झाडाखालचा पाला पेटवू नका, झाडून घ्या. लांबून दिसलं तर आल्या वाटेनं हळूहळू मागं सरा, पळू नका. अंगावर आलंच तर पालथं पडा, बोटं गुंतवून मान झाका, कोपरांनी तोंड झाका आणि ते निघून जाईपर्यंत हलू नका. दिसल्याची खबर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्या, वेळ आणि गट नंबर सांगून.